गेरूची फुली

५ फेब्रुवारी, बुधवार

डायरीच्या पहिल्या पानावर नाव, पत्ता, रक्तगट विचारलाय. नाव सुभद्रा. गाव अकोल्याकडचं, मुक्काम लखनौ, आलमबाग. रक्तगट माहीत नाही. रक्त तापलेलं आहे एवढं माहीत आहे. दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला, अम्मा, बीपी ऊपर है, गुस्सा आए तो बोलिए मत, लिख डालिए. नरेंद्रने ऑफिसातून डायरी आणली. फेब्रुवारीत. साहेब लोकांना वाटून उरली ती आईला. हा पहिला राग.

मी चौथी पास. पण अक्षर माझं गोल आहे. सून प्रणिता एम.कॉम., बँकेत आहे, तिचं अक्षर मुंग्या चालल्यासारखं. असो.

आजचा राग. धाकट्या नातीला, मुक्ताला, नऊ महिने पूर्ण झाले, गोवराची लस द्यायची आहे. आधीच्या सगळ्या सुया प्रणिताने बाळंतपणाच्या रजेत उरकल्या. रजा संपली, आता जबाबदारी माझी. कॅम्प दर बुधवारी. कुठे, तर मोठ्या रस्त्याच्या पलीकडे शाळेच्या खोलीत. मधे बस, ई-रिक्षा, ट्रक. कडेवर पोर घेऊन तो रस्ता ओलांडायचा म्हणजे गोवर परवडला. ज्याने ही जागा ठरवली त्याला रोज तिथून भाजी आणायला लावा.

पोचले. हेमा सिस्टर औषधाची पेटी घेऊन बसलेली, शेजारी आशा बहू. घरोघर निरोप देणाऱ्या बाईला इथे आशा बहू म्हणतात. सरकारचीच सून, तेव्हा पगाराचे हाल सुनेसारखेच. सिस्टर म्हणाली, गोवराची बाटली एकदा फोडली की त्याच दिवशी संपवावी लागते, पाच-सहा मुलं जमली की फोडू. जमली दोनच. मुक्ता धरून. गल्लीतल्या बाकी बाया कुठे, तर घरी.

ठरवलं. आमच्या गल्लीत आम्ही सोडून सगळी घरं मुसलमानांची, आणि बायांना काही समजत नाही. समजवायला कोणी नाही. मी आहे. चौदा एप्रिलपर्यंत, बाबासाहेबांच्या जयंतीपर्यंत, अख्ख्या गल्लीला लस. लिहून ठेवते म्हणजे मोडता येणार नाही.

प्रणिता म्हणाली, आई, त्यापेक्षा रविवारी मी प्रायव्हेट डॉक्टरकडे नेते ना. मी म्हटलं, मी गल्लीला सरकारी कॅम्पला चला म्हणणार आणि माझी नात एसीत बसून सुई घेणार का? पुढाऱ्याचं पोर पहिलं रांगेत पाहिजे.

८ फेब्रुवारी, शनिवार

घरोघर गेले. यश.

दारात बसून बाया चिकनकारीचे कुर्ते भरतात. दिवसभर हातात सुई आणि पोराला सुई म्हटलं की पांढऱ्या पडतात. हे मी प्रत्येक घरी सांगितलं. सगळ्या हसल्या. पटलं.

भिंतीला भिंत लागून शाइस्ता राहते. तिचा झैद वर्षाचा होत आला, गोवराची राहिलीये, आणखीही काही राहिलंय. ती म्हणाली, अम्मा, बुध को ठेकेदार माल लेने आता है. कुर्ते तयार नसले तर पुढचं काम दुसरीला देतो. मी म्हटलं, पोर मोठं की कुर्ता? तिने टाका ओढला. विचारात पडली. मग म्हणाली, जी अम्मा, आप बैठिए, चाय लीजिए.

चहा घेतला. वेलदोडा घातलेला. मी म्हटलं, साखर कमी कर, तुम्हा लोकांना साखरेचंही कळत नाही. म्हणाली, जी अम्मा.

गावी असतं तर एवढ्यात भांडण झालं असतं. आमच्याकडे नाही म्हणायचं तर बाई दारात उभी राहून नाही म्हणते, वर तुझ्या सासूलाही नाही म्हणून सांग म्हणते. इथे नाही हा शब्दच नाही. जी अम्मा, बिल्कुल अम्मा, इंशाअल्लाह अम्मा. सगळ्या तयार आहेत. एकही घर विरोधात नाही. बुधवारी बाटली फुटणार.

१२ फेब्रुवारी, बुधवार

बाटली फुटली नाही.

मी, मुक्ता आणि कोपऱ्यावरच्या घरातली एक सासू, तीही पोर न घेता, चौकशीला आलेली. तिला मी झापलं. पोर आणायचं सोडून स्वतः काय आलीस, तुला देऊ का सुई? ती चप्पल घालून गेली. बहुतेक पोर आणायला. आली नाही.

सिस्टरला म्हटलं, माझ्या नातीपुरती तरी फोड. ती म्हणाली, अम्मा, बाकी फेकनी पड़ेगी, ऊपर से पूछते हैं कि इतनी बरबाद क्यों हुई. म्हणजे औषध वाया गेलं तर वर विचारतात. पोर वाया गेलं तर कोणी विचारत नाही. हे मी बोलले. मोठ्याने. डॉक्टर लिहायला म्हणाला होता, पण मी दोन्ही करते.

परत येताना शाइस्ताचं दार उघडं. ठेकेदार बाहेर स्कूटरवर, ती कुर्ते मोजून देत होती. मला बघून म्हणाली, अम्मा, आज तो निकल ही नहीं पाए, अगले बुध पक्का. बघा. पक्का म्हणाली.

प्रणिताने विचारलं, झाली का सुई? सांगितलं, काम चालू आहे. खोटं नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

नरेंद्र जेवताना म्हणाला, आई, तू बोलतेस ना, ते लोकांना लागतं. मी म्हटलं, लागावं म्हणूनच बोलते. तो म्हणाला, तसं नाही. मग कसं, ते सांगेना. रेल्वेत वीस वर्षं फायली फिरवून माणूस स्वतःच फाईल होतो.

वेदिका, थोरली नात, सहावीत. मराठी सगळं कळतं, उत्तर हिंदीत. म्हणाली, दादी, आप ना, डराती हो सबको. मी म्हटलं, भीती वाटली की माणूस सुधारतो. ती म्हणाली, मैं तो नहीं सुधरी. ताट उचलून गेली. हिला कोण घाबरवतं, मी विचारते.

१९ फेब्रुवारी, बुधवार

आज कॅम्पला बाया नाहीत, पण घरोघर सर्व्हेवाले आले. एक मुलगी, एक मुलगा, खडू घेऊन. ज्या घरातल्या मुलांचं सगळं झालंय तिथे भिंतीवर इंग्रजी पी. ज्या घरातलं राहिलंय तिथे फुली. पोलिओच्या वेळेपासूनची पद्धत आहे म्हणे. नंतर दुसरी टीम फुली बघून परत येते.

उत्तम पद्धत. पाहिल्याबरोबर मनात भरली. फुली दिसली की शेजारी विचारतात, विचारलं की लाज वाटते, लाज वाटली की रस्ता ओलांडता येतो.

आमच्या घरी आले तेव्हा मी स्वतःच दारात उभी होते. सांगितलं, मी या गल्लीची प्रमुख, माझ्याकडे सगळं बरोबर आहे. पोरीने पी काढला. मुक्ताचं विचारायचं तिला सुचलं नाही आणि तिच्या सुईचा दोन-चार दिवसांचाच प्रश्न होता. तांत्रिक बाब.

संध्याकाळी बघते तर शाइस्ताने भिंत धुतलेली. फुली पुसट. पलीकडच्या घरात पोरांनी पुसून टाकलेली. खडूचं हेच. सरकारी काम म्हटलं की पाण्यात विरघळणारं.

कुंड्यांना लावायला आणलेला गेरू घरात होता. त्यात वेदिकाच्या प्रोजेक्टचा फेविकॉल घातला. जुना ब्रश घेतला. गल्लीतल्या सगळ्या फुल्या पक्क्या करून आले. हातभर, लाल, ठळक. बाया बघत होत्या. कोणी अडवलं नाही. एकीने तर स्टूल दिलं, म्हणाली, अम्मा, गिर न जाइएगा.

नरेंद्र ऑफिसातून आला, गल्ली बघितली, दारातच उभा राहिला. म्हणाला, आई, गावात आपल्या घरांवर कोणी असं काढलं असतं तर तू काय केलं असतंस? मी म्हटलं, हात तोडला असता. तो म्हणाला, मग? मी म्हटलं, ते वेगळं, हे पोरांच्या भल्याचं आहे. तो चपला काढून आत गेला.

वेगळंच आहे ते. त्यात विचार करण्यासारखं काही नाही. पान संपलं म्हणून थांबते.

२६ फेब्रुवारी, बुधवार

महाशिवरात्री. शाळेला कुलूप. कॅम्प नाही हे कोणी सांगायचं? कोणीच नाही. मुक्ताला कडेवर घेऊन कुलुपासमोर उभी. भुट्टेवाला म्हणाला, अम्मा, आज छुट्टी है. आरोग्य खात्याची बातमी मला भुट्टेवाल्याकडून कळते.

गल्लीतली एकही बाई आली नव्हती. मी सुट्टी असून गेले. फरक लक्षात घ्या.

२ मार्च, रविवार

आजपासून रोजे सुरू. ईदचे कुर्ते भरायची घाई. बाया पहाटे उठतात, दुपारी पोटात काही नाही, डोळे बारीक करून टाके घालतात. शाइस्ताला म्हटलं, आता तर तुला वेळच वेळ, स्वयंपाकही नाही दुपारचा. तिने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, जी अम्मा.

आज चहा विचारला नाही. रोजा आहे म्हणून.

५ मार्च, बुधवार

कॅम्प. सिस्टर, आशा बहू, पेटी, मी, मुक्ता. अजून कोणी नाही. पंखा फिरत होता.

मी सिस्टरला म्हटलं, आता फोडतेस की नाही? ती आज चिडलेलीच होती. म्हणाली, अम्मा, पहले इस गली से चार-पाँच आ जाती थीं. जब से आपने समझाना शुरू किया है, तब से एक नहीं आती. आशा बहू खाली बघून हसत होती. फुल्यांचंही ऐकवलं. म्हणाली, बायांनी आशा बहूला दारातून परत पाठवलं, जिनके दरवाज़े पर आपने खून जैसा निशान बनाया है उनसे अब आप ही बात कीजिए.

खून जैसा म्हणे. गेरू होता. दहा रुपयांचा पुडा.

म्हणजे आपली पेटी रस्त्यापलीकडे ठेवायची, वार ठेकेदाराचा निवडायचा, सुट्टी सांगायची नाही, बाटली फोडायची नाही, आणि दोष कोणाचा, तर म्हातारीचा. मी एवढी मोठ्याने बोलले की मुक्ता दचकून रडायला लागली. तिला घेऊन तशीच निघाले. सिस्टर मागून हाक मारत होती, अम्मा, रुकिए, बच्ची के लिए खोल देती हूँ. मी थांबले नाही. भीक घेतल्यासारखी सुई घेणारी मी नाही. माझ्या नातीला हक्काची पाहिजे.

रस्ता ओलांडल्यावर लक्षात आलं ती काय म्हणाली. परत जायला पाय वळला नाही. मागून बसही येत होती.

प्रणिताने विचारलं. म्हटलं, झालं. सगळं झालं होतं. जाणं झालं, येणं झालं, बोलणं झालं. फक्त सुई राहिली. पुढच्या बुधवारी ती होईल, मग माझं झालं म्हणणं मागून खरं होईल.

९ मार्च, रविवार

गल्लीच्या टोकाच्या घरात पोराला ताप आणि अंगावर पुरळ. डोळे लाल, नाक वाहतंय. मी बघितलं. गोवर. मला शिकवायची गरज नाही, गावी घरटी एक बघितलाय.

त्या घरची म्हातारी म्हणाली, खसरा है, अपने आप उतर जाएगा. खिडकीत कडुलिंब बांधलाय. मी तिथेच उभी राहून खडसावलं. पाला बांधून रोग जातो का? डॉक्टरला दाखव, पाणी पाज, बाकी पोरांना लांब ठेव. आणि लस दिली असतीस तर. एवढं बोलून पुढचं वाक्य मला आठवेना.

घरी आले. मुक्ताचं कपाळ बघितलं. गार. थोड्या वेळाने परत बघितलं. गार. प्रणिता म्हणाली, आई, काय सारखं बघताय, तिची तर लस झालीये ना. मी म्हटलं, लाड करतेय. प्रणिता म्हणाली, तुम्ही? बरोबर आहे तिचं. मी कधी कोणाचे लाड केले नाहीत.

दुपारी आमच्या दारावर कडुलिंबाची डहाळी लावली. मी बावीस प्रतिज्ञा घेतलेली बाई आहे, देवी-बिवी मानत नाही. हवा शुद्ध होते एवढंच. शाइस्ता जाताना थांबली, डहाळीकडे बघितलं, म्हणाली, अम्मा, नीम बड़ी अच्छी लग रही है. या गावाची ही भाषा. टोमणा आहे की कौतुक, घरी जाऊन शिजवून बघावं लागतं.

११ मार्च, मंगळवार

उद्या हज़रतगंजला जाणार. मोठ्या ऑफिसात साहेबाला भेटणार. तक्रार लिहून तयार आहे. जागा चूक, वार चूक, सिस्टर उद्धट, बाटली बंद. शेवटी लिहिलंय, गल्लीतील महिलांना मी पूर्णपणे तयार केले असून केवळ आपल्या गलथानपणामुळे काम अडले आहे.

उद्या बुधवार, म्हणजे कॅम्पही उद्याच. पण मूळ प्रश्न सोडवल्याशिवाय सुई घेऊन काय उपयोग? आधी साहेब, मग सुई. मुक्ताला शाइस्ताकडे ठेवते. तिचं घर स्वच्छ आहे, टोकाच्या घरापासून लांब. पोर सांभाळशील का विचारलं, लगेच म्हणाली, क्यों नहीं अम्मा. ईदचे कुर्ते मांडीवर होते तरी.

१२ मार्च, बुधवार

मेट्रोने गेले. उतरून ऑफिस शोधलं. साहेब मीटिंगमध्ये. मीटिंग कशावर, तर लसीकरण जनजागृतीवर. शिपाई म्हणाला, शाम तक चलेगी. आत सामोसे जात होते. मी म्हटलं, मी स्वतः जागृती आहे, मला आत सोड. तो म्हणाला, अम्मा, अर्जी वहाँ दे दीजिए. तिथल्या बाबूने अर्ज घेतला, उलटा धरून बघितला. मराठीत लिहिला होता. म्हणाला, ये कौन सी भाषा है? बघा. लखनौच्या एवढ्या मोठ्या ऑफिसात एक मराठी वाचणारा नाही. आणि म्हणे साक्षरता.

अर्ज मात्र घेतला. शिक्का मारून. विजय.

जिन्यावर शिपायाला सगळी हकीकत सांगितली. तो म्हणाला, सही बात है अम्मा. इथे प्रत्येक जण सही बात म्हणतो आणि मीटिंग चालूच राहते.

घरी आले तर आमच्या दाराशेजारी फुली. खडूची नाही. गेरूची. हातभर, लाल, ठळक.

झालं असं. दुसरी टीम आली. टोकाच्या घरात गोवर म्हणून प्रत्येक लहान पोराचं विचारत होती. शाइस्ताच्या मांडीवर मुक्ता. हिचं झालं का? शाइस्ताला काय माहीत. आशा बहू बरोबर होती, ती म्हणाली, इनका तो हुआ ही नहीं, दादी हर हफ़्ते लेकर आती हैं और लड़कर ले जाती हैं. टीमने आमचा पी पुसला, खडूची फुली काढली आणि गेली. तेवढ्यात वेदिका शाळेतून आली. गेरूचा डबा आणि ब्रश कुंडीमागे होताच. तिने फुली पक्की केली. विचारलं तर म्हणते, दादी, रूल तो रूल है ना.

एवढंच काम तिने या वर्षात मन लावून केलंय.

सहा वाजता प्रणिता आली. फुली बघितली. मुक्ताला शाइस्ताकडून घेतलं. मला एक शब्द बोलली नाही. मी सून असताना माझ्या सासूला दोन तास बोलले असते. ही गप्प. त्याचं काय करायचं, त्याची सवय नाही मला.

१३ मार्च, गुरुवार

प्रणिताने सुट्टी टाकली. मुक्ताला घेऊन प्रायव्हेटला निघाली तर दोन दवाखाने होळीसाठी बंद, तिसऱ्याकडे ती लस नव्हती. म्हणजे एसीतही बाटली नसते. हे मी बोलले नाही. लिहितेय.

मग ती शाइस्ताच्या ओट्यावर जाऊन बसली. मी खिडकीतून बघत होते. चहा नाही, रोजा होता. नुसत्या बसल्या. शाइस्ता टाके घालत बोलत होती, ही ऐकत होती. बँकेत कर्ज मागायला आलेल्या माणसाचं ऐकतात तसं. मधे एकदा दोघी आमच्या घराकडे बघून हसल्या. बाकी बायाही आल्या. प्रणिताने अर्धा तास तोंड उघडलं नाही. याला काय जनजागृती म्हणायची?

घरी येऊन नरेंद्रला सांगत होती. मला नाही, नरेंद्रला, पण मला ऐकू जाईल अशा बेताने. बुधवारी ठेकेदार. रोज्यात भर उन्हात रस्ता ओलांडायला नको. आणि मुख्य म्हणजे, काही सुया दिल्या की पोराला दोन दिवस ताप, किरकिर, पोर मांडीवरून उतरत नाही, म्हणजे हातातलं काम बंद. लसीला त्यांची ना नव्हतीच. आधी जातच होत्या जमेल तशा.

हे सगळं शाइस्ताने मला पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. ठेकेदाराचं सांगितलं होतं म्हणा. पण बाकीचं मी चहाच्या साखरेवर आल्यावर राहून गेलं असेल.

आशा बहूला फोन झाला. सिस्टर शनिवारी पेटी घेऊन शाइस्ताच्या अंगणात येणार. सगळ्या बाया पोरं घेऊन येतील. एक अट आहे. प्रणिताने ती तोंडावर सांगितली. आई, तुम्ही त्या दिवशी घरात बसायचं.

मी विचारलं, अट कोणाची? म्हणाली, सगळ्यांची. सिस्टरची पण.

१४ मार्च, शुक्रवार

होळी. सगळ्या गावाच्या तोंडाला रंग, आमच्या भिंतीला गेरू. फुली निघते का बघितलं. साबण, राख, तारेची घासणी. निघत नाही. फेविकॉल चांगला आहे.

मुक्ताचं कपाळ गार. संध्याकाळी पण गार.

१५ मार्च, शनिवार

घरात बसले. माझ्या मनाने. गुडघाही दुखत होता.

मधे एकच भिंत, सगळं ऐकू येतं. सिस्टर आली. पेटीचं झाकण उघडलं. बाया आल्या, पोरं आली. टोकाच्या घरची म्हातारीसुद्धा तिची धाकटी नात घेऊन. कोणीतरी म्हणालं, अम्मा कहाँ हैं? कोणीतरी म्हणालं, आराम कर रही हैं. मग सगळ्या हसल्या. हसायचं काय त्यात.

सिस्टर म्हणाली, चलिए, खोल रही हूँ. एवढे बुधवार मी हे वाक्य ऐकायला बसले होते आणि ऐकलं ते भिंतीला कान लावून.

पहिलं रडणं मुक्ताचं. बघावं लागलं नाही. आवाज माझा आहे. सुईवर रडत नव्हती ती, धरून ठेवल्याचा राग होता. मग झैद. मग बाकीची.

मी स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्याले. तिथे थोडा वेळ उभी राहिले. डाळ जळत होती म्हणून.

१६ मार्च, रविवार

सकाळी दारात शाइस्ता. कडेवर झैद. त्याला काल दोन सुया बसल्या, अंग कोमट, तोंड वाकडं. म्हणाली, अम्मा, एक तकलीफ़ देनी थी. ईदचा माल मंगळवारी जाणार. पोर उतरेना. आज, उद्या, थोडं धरून बसाल का? आपकी गोद में मुक्ता कितने आराम से रहती है.

मी म्हटलं, मी या गल्लीत काय पोरं धरायला आले का? ती म्हणाली, जी अम्मा. आणि पोर माझ्या हातात दिलं. वर म्हणाली, चाय बनाकर भेजती हूँ, शक्कर कम.

तिच्यामागे दुसरी, पोर घेऊन. मग टोकाच्या घरची म्हातारी. सिस्टरने तापाचं औषध आणि किती द्यायचं ते सांगून ठेवलंय. प्रणिताने माझ्या खाटेवर चादर टाकली, उशा लावल्या. म्हणजे आधीच ठरलं होतं. मला विचारलं कोणी? नाही. बाया म्हणे याच बोलीवर तयार झाल्या, की ताप आला तर पोर कोणीतरी सांभाळेल. आणि गल्लीत हात रिकामे असलेली बाई एकच.

तर ताप विभागाची प्रमुख मी. चौदा एप्रिलचं काम एक महिना आधी उरकलं. आखणी माझीच होती. अंगण तेवढं शाइस्ताचं.

दुपारी

सर्व्हेवाले परत आले. लस झालेल्या घरांवर गेरूची फुली बघून प्रत्येक दारात पुन्हा तेच विचारतात. बायांनी त्यांना माझ्याकडे पाठवलं. ती खडूवाली मुलगी म्हणाली, अम्मा, ये सब आप ही साफ़ कीजिएगा. वेदिकाने कागदावर लिहून माझ्या उशाशी ठेवलंय, सैंडपेपर, दो नंबर. पहिली फुली आमची घासायची की शाइस्ताची, असं विचारत होती. शाइस्ताची, म्हटलं. तिची मी काढली होती.

चारला

मुक्ता डाव्या मांडीवर. झैद उजव्या हातावर. तिसरं पोटावर, कोणाचं ते विसरले. तिघं आत्ता झोपलीत. डायरी उशीवर टेकवून लिहितेय, अक्षर प्रणितासारखं झालंय. चहा आला होता, गार झाला, हात पोचत नाही.

शाइस्ताच्या ओट्यावरून खिडकीतून प्रणिता विचारते, आई, बरं चाललंय ना? बाया कुर्ते भरत हसतायत. मला सगळ्यांना सांगायचं आहे. चांगलं मोठ्याने. पण हे उठतील.